घरची केयी, पुस्तकातली केळी

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या त्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला पाणीही विचारलं नाही. माझा बदलीचा आदेश त्यांनी दोनदा वाचला, घडी घालून फाईलमध्ये ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, इथे कुणी टिकत नाही. तुम्हीही फार जीव लावू नका."

मी म्हणाले, "जीव लावायला आलेच नाहीये. बदली झाली म्हणून आलेय."

खरंच तसंच होतं. जळगावजवळची चांगली शाळा सोडून मला इकडे यावं लागलं होतं आणि त्याचा राग मी जीपमधून उतरतानाच बरोबर आणला होता. दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मध्ये एक व्हरांडा. पहिल्याच आठवड्यात परिपाठाच्या वेळेवरून आमचं वाजलं, मग खिचडी कुणी चाखून बघायची यावरून वाजलं, आणि दिवाळीपर्यंत आमचं एकमेकांशी बोलणंच बंद झालं. काही सांगायचं असलं की ते एखाद्या पोराला पाठवत. "मॅडमना सांग, शाळेची माहिती आज तालुक्याला पाठवायची आहे." मी त्याच पोराबरोबर उत्तर देई. "सरांना सांग, कालच पाठवली."

ते धुळ्याहून मोटारसायकलवर येत. कपडे कडक इस्त्रीचे, अक्षर मोत्यासारखं. त्यांची एकही माहिती कधी उशिरा गेली नाही. वरचे अधिकारी त्यांच्यावर खूश असत. वर्गात मात्र ते खुर्चीत बसून फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगत, आणि पोरं उतरवून घेत. एकदा व्हरांड्यातून जाताना मी त्यांना कुणाला तरी फोनवर सांगताना ऐकलं, "या पोरांना काय येणार आहे? सांभाळायची, जेवू घालायची, घरी पाठवायची." त्या वाक्याने मी पेटले. शिकवण्याबद्दल मला तोवर काही फार वाटत होतं असं नाही. बारा-तेरा वर्षं नोकरी करून मी बऱ्यापैकी विझलेली होते. पण या माणसाला खोटं पाडायचं, एवढं एक कारण मला मिळालं आणि मी त्यावर उभी राहिले. चांगल्या शिक्षिकेचं मन कसं प्रेमाने भरलेलं असतं वगैरे भाषणात ऐकलंय. माझं सुरू झालं ते द्वेषातून.

त्याच वर्षी शाळेला टॅब मिळाले. कुठल्याशा कंपनीने तालुक्यातल्या काही शाळांना दिले होते. नारळ फुटला, सरपंचांना शाल मिळाली, आमच्या पोरांनी स्वागतगीत म्हटलं. टॅब कसे वापरायचे ते दाखवायला पुण्याहून एक तरुण आला होता. बोलायला गोड, हातात सतत पाण्याची बाटली. तो आम्हा दोघांना एका बाकावर बसवून सांगू लागला, "यातलं ॲप प्रत्येक मुलाला ओळखतं. मूल वाचतं, ॲप ऐकतं, आणि त्याची पातळी ठरवून पुढचा धडा देतं. हुशार मूल पुढे जातं, कच्चं मूल मागे थांबून सराव करतं. तुम्ही फक्त लक्ष ठेवायचं."

"आणि आम्ही शिकवायचं काय?" मी विचारलं.

"तुमचा भार हलका होईल, मॅडम."

मला भार हलका करून नको होता. पण चार भिंतींत तिसरी आणि चौथी एकत्र घेऊन बसलेल्या बाईला त्याचं म्हणणं मोहात पाडणारं होतं, हेही खरं. माझ्या वर्गात एक पोरगा भागाकार करत होता आणि त्याच्या शेजारचा हातच्याला अडत होता. सगळ्यांना एकच धडा देऊन मी रोज अर्ध्या वर्गाला कंटाळा आणत होते आणि उरलेल्या अर्ध्याला घाबरवत होते.

पाहुणे गेले. मुख्याध्यापकांनी टॅब मोजले, कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली पॅन्टच्या खिशात टाकली.

मी पोराबरोबर निरोप पाठवला. निरोप आला, "चार्जिंगची सोय झाल्यावर." सोय मी केली. मग निरोप आला, "पावसाळ्यात नको, ओल लागते." पावसाळा संपला. मग, "वरून लेखी सूचना आल्यावर." शेवटी मी स्वतः त्यांच्या वर्गात गेले, पोरांसमोर हात पुढे केला आणि म्हणाले, "किल्ली द्या."

"मिळणार नाही."

मी व्हरांड्यात गेले, घंटेचा टोल द्यायचा लोखंडी दांडा उचलला आणि कपाटाचं कुलूप फोडलं. दोन घावांत तुटलं. दोन्ही वर्गांची पोरं दारात येऊन उभी होती. मुख्याध्यापक जागेवर जाऊन बसले आणि कागद ओढून लिहायला लागले. आठवडाभरात मला खुलासा मागणारी नोटीस आली. मी खुलासा दिला की मुलांसाठी आलेली वस्तू मुलांना दिली. पुढे काय झालं मला कळलं नाही, पण टॅब माझ्या वर्गात राहिले.

सुरुवातीचे दिवस फार छान गेले. पोरं कानाला हेडफोन लावून बसत आणि वर्गात अशी शांतता असे की मला खिचडीच्या पातेल्याचा आवाज ऐकू येई. भागाकारवाला पोरगा भराभर पुढे गेला. हातच्याला अडणाऱ्याला ॲपने पुन्हा पुन्हा काड्यांची चित्रं दाखवली आणि तो एकदाचा सुटला. मी व्हरांड्याकडे बघून मनातल्या मनात म्हणायचे, बघा आता, या पोरांना काय येतंय ते.

त्यात एक पोरगी होती. तिसरीतली. केळी आणि कापसाची शेती असलेल्या घरातली, अंगाने बारकी आणि नजरेने करारी. ती ॲपमध्ये पहिल्याच पातळीवर अडकून पडली होती. पंधरवडा झाला तरी तिथेच. टॅबवर चित्र यायचं, खाली शब्द यायचा, ती तो मोठ्याने वाचायची, आणि एक गोड आवाजाची बाई म्हणायची, "पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा वाचायची. पुन्हा तेच. मी दोन-तीनदा तिच्या मागून गेले, पडद्यावर लाल फुली पाहिली, आणि पोरगी कच्ची आहे असं धरून पुढच्या पोराकडे गेले.

एका दुपारी तिने टॅब उचलला आणि भिंतीवर आपटला. काच चरचरून फुटली. सगळा वर्ग उठून उभा राहिला. ती मात्र बसून राहिली. "उचल ते," मी ओरडले. तिने उचललं नाही. माझ्याकडे अशी बघत होती की तो टॅब माझ्या डोक्यात मारायचा राहिला, एवढंच तिला वाईट वाटत असावं.

मुख्याध्यापक व्हरांड्यातून चालत आले. वर्षभरात ते पहिल्यांदा माझ्या वर्गात पाऊल टाकत होते. काचेचे तुकडे त्यांनी नीट पाहिले. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण चालण्यात होतं.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावली गेली. गावातले पालक, समितीचे अध्यक्ष म्हणजे सगळे ज्यांना आबा म्हणत ते, आणि त्या पोरीची आई. ती थेट शेतातून आली होती, पदर डोक्यावर, हातापायांना माती. मुख्याध्यापकांनी घडलेलं सगळं सांगितलं, एकही शब्द न वाढवता. तेवढं त्यांचं मान्य करते. मग आई उभी राहिली. माझ्याकडे बोट करून म्हणाली,

"मन्ही पोर येडी नही शे. ते यंतर तिले रोज चुकनं चुकनं सांगस. पोर घर यीसन रडस. यंतरच शिकाडी ऱ्हायनं, ते मंग तुम्ही तठे कसाले शेतस?"

मग तुम्ही तिथे कशाला आहात. जवळपास हेच मी त्या पुण्याच्या पोराला विचारलं होतं, पण माझ्या तोंडी ते टोमणा म्हणून आलं होतं. तिच्या तोंडी तो खरा प्रश्न होता. मला तिचा भयंकर राग आला. असा राग फक्त खरं बोलणाऱ्याचाच येतो.

काहीतरी करायचं म्हणून मी एक टॅब हातात घेतला आणि त्या पोरीचा धडा उघडला. पडद्यावर केळ्यांचा घड आला. खाली शब्द, केळी. मी पोरीला हाक मारली. "वाच." तिने बघितलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "केयी."

लाल फुली. "पुन्हा प्रयत्न करा."

मला तेव्हा समजलं. मी स्वतः रावेरकडची. आमच्याकडेही शाळेला शाया म्हणतात आणि डोळ्याला डोया. माझ्या शाळेतल्या बाईंनी पट्टीने मारून माझा ळ दुरुस्त केला होता, आणि इतका पक्का केला होता की दुसऱ्याच्या तोंडातला य मला कानाला लागेनासा झाला होता. पोरगी वाचत होती. शब्द ओळखत होती, त्याचा अर्थ तिला आपल्या घराइतका माहीत होता. ज्या गावात चहूकडे केळीच उभ्या आहेत, तिथे एका यंत्राने तिला पंधरा दिवस सांगितलं की तुला केळी येत नाही.

मी सगळ्यांसमोर टॅब तोंडाजवळ धरला आणि मुद्दाम म्हणाले, "केयी." फुली. मग म्हणाले, "केळी." हिरवा तारा आला, टाळ्यांचा आवाज आला. बैठकीतले लोक हसले. मला वाटलं, जिंकले.

"बघा," मी म्हणाले, "पोरीला वाचता येतं. यंत्राला तुमची बोली समजत नाही. चूक यंत्राची आहे."

आबांनी हसणं थांबवलं. टॅबकडे बोट करून म्हणाले, "मंग यंतर खरंच सांगस ना? केळीच बरोबर शे. आमनं बठ्ठं आयुष्य असंच बोलत गयं. पोरेस्ले तरी शुद्ध येवाले पाहिजे."

आमचं सगळं आयुष्य असं बोलण्यात गेलं, पोरांना तरी शुद्ध यावं, यावर सगळ्यांनी माना हलवल्या. पोरीच्या आईनेही. एक टॅब फुटला, उरलेले फुटू नयेत म्हणून ते कुलपात ठेवायचा ठराव मुख्याध्यापकांनी लिहिला. टॅब कपाटात गेले. नवीन कुलूप आधीच आणून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पुण्याच्या तरुणाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ग्रामीण उच्चार आमच्याकडे अजून आलेले नाहीत. मुलांनी प्रमाण बोलायची सवय केली तर ॲप उत्तम चालेल."

"म्हणजे पोरांनी आधी तुमच्या ॲपची भाषा शिकायची, मग ॲप त्यांना शिकवणार?"

"तसं नाही, मॅडम..."

मी फोन कापला.

त्यानंतर जे केलं ते हट्टाने केलं. ॲपची कल्पना वाईट नव्हती. प्रत्येकाला त्याचा त्याचा धडा, हे बरोबरच होतं. ऐकणारं मात्र कुणीतरी हवं होतं आणि ते काम यंत्रावर टाकून मी मोकळी झाले होते. मी माझा फोन आणि नवऱ्याचा एक जुना फोन वर्गात आणला. मधल्या सुट्टीत वर्गाच्या कोपऱ्यात बसून एकेका पोरासाठी आवाज भरून ठेवायचे. कुणासाठी कापूस वेचणीवरची बेरीज, कुणासाठी हळू वाचलेली गोष्ट, कुणासाठी नुसते प्रश्न. पोरं आळीपाळीने ऐकत आणि आपलं उत्तर त्यातच भरत. मी ते बसमध्ये कानाला लावून ऐकायचे. शेजारच्या बाया माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत.

त्या पोरीसाठी मी आधी तिच्या बोलीत बोलले, मग तेच पुस्तकातल्या भाषेत. तिला विचारलं, काय फरक आहे सांग. तिचं उत्तर आलं, जरा तोऱ्यातच: "घरनी केयी न पुस्तकनी केळी. दोन्ही एकच शेतस. पन शाळामां पुस्तकनी बोलानी."

तिने शाळा म्हटलं होतं, शाया नव्हे. मी तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला.

मुख्याध्यापकांना हे कळायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी पोरं गेल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात अडवलं. या वेळी मध्ये निरोप न्यायला कुणी नव्हतं.

"वर्गात फोन, त्यात मान्यता नसलेला मजकूर, वर गावंढळ भाषा. मी हे कळवणार आहे."

"कळवा. तुम्हाला दुसरं येतं काय? पोरांचं भलं झालेलं तुम्हाला बघवत नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांना ओरडताना मी तेव्हाच पाहिलं. "मागच्या शाळेत संगणक आले तेव्हा मीच उघडून दिले होते! रविवारीसुद्धा पोरं बसायची! एका सुट्टीत सगळे चोरीला गेले. चौकशी कुणाची झाली माहितीये? माझी. माझ्या घरी पोलीस आले, माझ्या आईसमोर. गावातला एक माणूस माझ्या बाजूने बोलला नाही. आणि तुम्ही मला कुलूप शिकवता?"

मोटारसायकल चालू करून ते निघून गेले. मला त्यांची कीव आली नाही. तो माणूस असा का झाला, ते मात्र समजलं. दुसऱ्या दिवशीही आम्ही बोललो नाही. त्यांनी कळवलंही नाही.

मग पोरीची आई आली. पोरीसाठी भरलेला आवाज मी तिच्या घरीही पाठवला होता, तो तिने घरच्या फोनवर ऐकला होता. वर्ग चालू असताना दारात उभी राहून म्हणाली, "आमनी चेष्टा करतस का तुम्ही? आमनं बोलनं तिले आम्ही शिकाडं. तुमनाकडे शुद्ध शिकाले धाडतस. तिले धुळाले जाईसन नर्स व्हनं शे."

"मी तिला दोन्ही शिकवतेय," मी म्हणाले. "एक विसरून दुसरं शिकायची गरज नाही. मला विसरायला लावलं होतं. तुमच्या पोरीला वाचता येत होतं तरी मला ते ऐकू आलं नाही, ते त्यामुळे."

वर्गातली सगळी पोरं आमच्याकडे बघत होती.

"देखसू," ती म्हणाली आणि गेली. बघते मी. धमकीसारखंच होतं.

पुढच्या हिवाळ्यात एक अधिकारी तपासणीला आले. पोरगी आता चौथीत होती. त्यांनी वाचायला नेमकं तिलाच उठवलं. तिने धडा वाचला, न अडखळता, आणि एका ठिकाणी तिचा ळ पुन्हा य झाला. अधिकाऱ्यांनी हात वर करून थांबवलं, तो शब्द स्वतः म्हणून दाखवला आणि अजून दोन शब्द म्हणून घेतले. पोरीने ते म्हटले. मग म्हणाली, "सर, मला येतो तो शब्द. पुढे वाचू?"

अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी आली. "फार उद्धट आहे ही. मॅडम, हेच शिकवता का?"

मी तोंड उघडण्याआधी मागून आवाज आला. "साहेब, ती वाचतेय. वाचू द्या." मुख्याध्यापक दाराशी उभे होते. हात मागे बांधलेले, नजर खाली. पोरीने परवानगीची वाट न बघता पुढे वाचायला सुरुवात केली.

शेऱ्यात त्यांनी लिहिलं की विद्यार्थ्यांच्या शिस्तीकडे लक्ष द्यावं. तो शेरा आम्हा दोघांनाही मिळाला. त्यावर आमच्यात काही बोलणं झालं नाही. टॅब अजून कपाटात आहेत. आता बहुधा ते सुरूही होणार नाहीत.

पोरगी पाचवीला शिरपूरच्या शाळेत गेली. तिची आई मला एकदा शिरपूरच्या बाजारात भेटली. मला वाटलं, काही बरं बोलेल. तिने माझ्या पिशवीतली वांगी हातात घेऊन पाहिली, महाग घेतलीत म्हणाली, आणि जाता जाता सांगितलं, "आते धाकली ई ऱ्हायनी तुमना वर्गमां. ती मोठीगत नही शे. तिले देखीसन शिकाडज्यात." धाकटी मोठीसारखी नाही, तिला बघून शिकवा.

त्या जूनपासून वर्गांची अदलाबदल होऊन पहिली-दुसरी माझ्याकडे आली होती. धाकटी आली. ती बोलत नाही. माझ्याशी नाही, इतर पोरांशीही नाही. ताईवरून मला वाटलं, हिलाही आवाज भरून देऊ. फोन तिच्या कानाशी धरला तर तिने माझा हात धरला आणि चावली. कडकडून. मी किंचाळले. सगळा वर्ग हसला आणि ती माझ्याकडे रोखून बघत राहिली, पुन्हा चावायची तयारी ठेवून.

दुसऱ्या दिवशी मी फोन बॅगेतच ठेवला. खडूचा एक तुकडा घेतला आणि तिच्यापासून जरा अंतरावर फरशीवर बसले. मी एक रेघ ओढली. ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत होती. मग तिने पाय लांब करून टाचेने ती पुसून टाकली. मी दुसरी ओढली.